धुऱ्यावर कोण भेटलं?

"अन् धुऱ्यावर कोन भेटलं?"

समोरच्या फाइलवर एक बोट ठेवायचं, ती टेबलावरून सावकाश पलीकडे ढकलायची आणि हे विचारायचं, ही आमच्या वकीलसाहेबांची, सरांची, पद्धत. सातबारा, फेरफार, नकाशा, जुनी खरेदीखतं, सगळं क्रमाने लावून आणलेल्या पक्षकाराला वाटत असायचं की झालं, आता वकीलसाहेब मसुदा करायला घेतील. तो गोंधळून म्हणायचा, "कोण भेटणार साहेब? मोकळं शेत आहे."

"मंग तुमी शेतात गेलेच नाही. जा, चारही धुऱ्यावर चाला. मंग या."

धुरा म्हणजे शेताची हद्द. बाकी महाराष्ट्र त्याला बांध म्हणतो. चारही धुऱ्यांवरून स्वतः चालल्याशिवाय आणि तिथे भेटलेल्या माणसाशी बोलल्याशिवाय आमचे सर जमिनीच्या कागदाला हात लावत नसत. परत आल्यावर डायरी उघडायचे. पूर्वेला कोण भेटलं, पश्चिमेला कोण, ते काय म्हणाले. नावानिशी.

मागच्या हिवाळ्यात अमरावतीच्या बार रूममध्ये त्यांची शोकसभा झाली. एक वक्ते म्हणाले, "अत्यंत मृदुभाषी व्यक्तिमत्त्व." मी मागच्या बाकावर बसले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मृदुभाषी! ज्यांचा आवाज खालच्या झेरॉक्सच्या दुकानात ऐकू यायचा आणि तिथली माणसं "आज कोणाचा नंबर लागला?" म्हणून वर बघायची, ते मृदुभाषी? आणि बोलत कोण होतं, तर ज्याने भर तहसीलमध्ये त्यांना विश्वासघातकी म्हटलं होतं तोच. मेलेल्या माणसाला गुळगुळीत करून टाकायची ही जी आपली खोड आहे, तिची मला चीड येते. म्हणून हे लिहिते आहे. आमचे सर रागीट होते, त्यांना रागीटच राहू द्या.

मी मूळची अकोल्याची. सनद मिळाल्यावर त्यांच्याकडे ज्युनियर म्हणून लागले. कोर्टासमोरच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली होती. शेतजमिनी, प्लॉट, लेआउट, भागीदारीचे करार, हेच काम. टेबलाखाली कॅनव्हासचे बूट असायचे, त्यांना कुठल्या ना कुठल्या गावची काळी माती वाळून चिकटलेली असायची. झाडणाऱ्या बाईंना ते बूट हलवायची परवानगी नव्हती.

पहिल्याच आठवड्यात मी एका खरेदीखतात "विहीर, झाडे इत्यादी" असं लिहिलं. सरांनी चष्मा काढला.

"इत्यादी म्हंजे काय वं?"

"म्हणजे बाकी सगळं, सर."

"बाकी सगळं म्हंजे काय? गोठा? मोटार? त्याची म्हैस? या इत्यादीपायी माणसं एकमेकाचं डोकं फोडतात, अन् तू मजेत लिहून राहिली! पुन्हा इत्यादी दिसलं तं बडनेऱ्याहून गाडीत बसवून देईन तुले, अकोल्याले वापस."

मी त्या दिवशी जिन्यात उभी राहून रडले. संध्याकाळी ते खाली उतरताना थांबले आणि म्हणाले, "जेवली का? नसन तं घरी चाल, काकूनं झुणका केला हाये." तेवढीच त्यांची माफी.

चांदूर रेल्वेजवळ एका डॉक्टर दांपत्याला फार्महाउससाठी शेत घ्यायचं होतं. सरांनी दोघांनाही धुऱ्यावर चालवलं. डॉक्टरीणबाईंच्या चपलेची टाच काळ्या भेगेत अडकून तुटली. सर पुढेच. दक्षिणेच्या धुऱ्यावर बकऱ्या राखणारे एक आजोबा भेटले. सरांनी त्यांना तंबाखू दिली आणि खाली बसले. दहा मिनिटांत निघालं की शेतातली विहीर सामाईक आहे, विकणाऱ्याच्या पलीकडच्या भावाची त्यात पाळी आहे आणि तो भाऊ कुऱ्हाड घेऊन पाणी लावायला येतो. कागदात यातलं अक्षर नव्हतं. डॉक्टर त्यावर खूश व्हायचे सोडून आमच्यावरच चिडले, कारण बाईंनी स्विमिंग पूलची जागा आधीच ठरवली होती. "पोहा मंग," सर म्हणाले, "पन तो आला का बाहेर निंगजा."

असे होते ते. आता जे सांगायचं टाळत आले आहे, ते सांगते.

मी लागले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांचा एक जुना पक्षकार, शेतांचे प्लॉट पाडून लेआउट विकणारा बिल्डर, बडनेऱ्याच्या बाजूला एक शेत घेत होता. मसुद्याची घाई होती. सर पहिल्यांदाच म्हणाले, "पोरी, तू जा. चारही धुऱ्यावर चालजो."

मी गेले. बिल्डरचा मॅनेजर रस्त्यालगतच्या निंबाखाली खुर्च्या टाकून बसला होता. "म्याडम, एवढ्या उन्हात कुठी चालता? हे पाहा," म्हणून त्याने मोबाइलवर वरून काढलेला नकाशा दाखवला. हद्दी लाल रेघांनी आखलेल्या, स्वच्छ. मला थंडगार लस्सी दिली. मी ती प्यायले, नकाशा पाहिला आणि रिक्षात बसून परत आले.

"चालली?" सरांनी विचारलं.

"हो सर. चारही धुरे."

"कोन भेटलं?"

"कोणी नाही सर. ऊन होतं ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डायरी मिटली. स्वल्पविरामावरून माझा उद्धार करणाऱ्या माणसाने तेवढ्यावर विश्वास ठेवला. मी मसुदा केला. उत्तरेस अमुक यांचे शेत, असं लिहिलं. सरांनी सही केली. दस्त नोंदला गेला.

उत्तरेला शेताच्या आधी पांदण होती. पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. ती त्या गावच्या नकाशात नव्हती आणि मोबाइलवर गवताच्या पट्ट्यासारखी दिसत होती. पण माणसं कैक पिढ्या तिच्यावरून जात होती. बिल्डरने माझ्या मसुद्यातली हद्द धरून पांदणीसकट भिंत घातली.

पावसाळ्यात हाजराबी आल्या. लेआउटच्या मागे त्यांचं शेत. त्या आणि त्यांचा मुलगा मेथी, पालक, सांबार लावून बडनेऱ्याच्या बाजारात विकत. सांबार म्हणजे कोथिंबीर. त्यांच्या शेताला दुसरी वाट नव्हती. काही दिवस शेजाऱ्याच्या पिकातून डोक्यावर गठ्ठे वाहिले, मग त्यानेही मनाई केली. भाजी शेतातच पिवळी पडत होती. बिल्डरचा माणूस दोनदा येऊन गेला होता, रस्ताच नाही तर शेत ठेवून काय करता, आम्हालाच द्या म्हणून.

"वकीलसाब, कागद तुमी बनवला म्हनतात," हाजराबी म्हणाल्या. "आमची पांदन कोठी गेली?"

मी त्यांच्यासाठी पाणी आणायला उठले. खरं तर पळाले. परत आले तेव्हा सर डायरीतलं ते पान उघडून बसले होते. चारही दिशांपुढे काही लिहिलेलं नव्हतं. मी दाराशी उभी राहून वाट पाहत होते की आता आवाज चढेल, आता झेरॉक्सवाला वर पाहील. सरांनी डायरी हलकेच मिटली. हाजराबींना म्हणाले, "खाला, तहसीलमधी रस्त्याचा अर्ज टाका. वकील दुसरा पाहून देतो. मी साक्षीदार म्हनून येईन."

बिल्डरचं वकीलपत्र त्यांनी त्याच दिवशी सोडलं. बार रूममध्ये लोक हसले. स्वतःच्याच कागदाविरुद्ध साक्ष द्यायला निघालाय म्हणे! ज्यांनी आयुष्यात एकदाही शेतात पाय ठेवला नव्हता, ते सरांना धंद्याचं इमान शिकवायला लागले. एकेकाचं तोंड माझ्या लक्षात आहे.

तहसीलमध्ये मी त्यांची बॅग घेऊन मागे बसले होते. बिल्डरच्या नव्या वकिलाने विचारलं, "मसुदा करण्यापूर्वी आपण जागेवर गेला होता?"

"नाही."

"मग कोण गेलं होतं?"

सर काठीवर रेलून उभे होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"कोनीच नाही. धुऱ्यावर कोनी चाललंच नाही. सही माही हाये, चूक माही हाये."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. "हा पक्षकाराचा विश्वासघात आहे!" तो वकील ओरडला. शोकसभेत मृदुभाषी म्हणणारा तो हाच. बिल्डरने सरांविरुद्ध शिस्तभंगाची तक्रार ठोकली. लेआउटवाले एकेक करून फिरकेनासे झाले. त्या तक्रारीला एकच उत्तर होतं, की पाहणीला ज्युनियर गेली होती आणि तिने खोटं सांगितलं. ते उत्तर देणारी मी रोज त्यांच्यासमोर बसून चहा पीत होते. मी दिलं नाही. त्यांनी मागितलं नाही. त्यांनी माझ्यावर ओरडणंच बंद केलं. मी मुद्दाम एका मसुद्यात "इत्यादी" लिहून पाहिलं. त्यांनी ते पेनाने खोडलं आणि कागद परत दिला.

ते मला सोसेना. आईच्या तब्येतीचं कारण सांगून मी अकोल्याला परत आले. बडनेरा स्टेशनपर्यंत सोडायला ते आले, काठी टेकत. गाडीत बसवून देईन म्हणाले होते, तसं बसवून दिलं.

तहसीलचा आदेश त्यांच्या हयातीत आला नाही. शोकसभेनंतर काही महिन्यांनी हाजराबींच्या मुलाचा फोन आला, "म्याडम, भिंत तुटली. रस्ता खुलला. अम्मी बोलावून राहिली."

मी गेले. पांदणीच्या तोंडाशी भिंतीच्या विटांचा ढीग पडला होता आणि हाजराबी त्यावर बसल्या होत्या. मी सगळं ठरवून गेले होते. "खाला, तुम्हाला एक सांगायचं आहे. त्या दिवशी मी..."

"मले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "मी त्या कोपऱ्यात सांबार खुडून राहिली व्हती. तुमी निंबाखाली बसल्या व्हत्या, काही पीत व्हत्या. मी म्हनलं, आता उठन पोरगी, आता येईन इकडं. तुमी रिक्षात बसून गेल्या."

"सरांना सांगितलं होतं तुम्ही?"

"पैल्याच दिवशी. तुमी पानी आनाले गेल्या न, तवा. साहेब म्हनले, खाला, हे तहसीलमधी बोलू नका. पोरीची सनद नवी हाये. काय सांगाचं ते मी सांगतो."

मला रडू यायला हवं होतं. मला संताप आला. बिल्डरचा होता, त्या वकिलाचा होता, माझा तर होताच, पण त्या क्षणी सर्वांत जास्त सरांचा आला. रस्ता या बाईचा गेला होता आणि तिलासुद्धा गप्प बसायला लावलं, माझ्यासाठी! कोणी सांगितलं होतं? ओरडायचं होतं ना माझ्यावर. खाली झेरॉक्सपर्यंत ऐकू जाईल असं ओरडायचं होतं. मग मी पण काही बोलले असते. झुणका खायला आले असते. मी हे सगळं मोठ्याने बोलत होते हे मला हाजराबींच्या चेहऱ्यावरून कळलं.

त्यांनी मला बोलू दिलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि म्हणाल्या, "आता तरी चालता का?"

मी चालले. रस्त्यापासून त्यांच्या शेतापर्यंत, उत्तरेचा पूर्ण धुरा. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, चपलांना मातीचे गोळे लागले, मी त्या हातात घेतल्या. वाटेत बैल घेऊन येणारा एक जण भेटला. त्याने सांगितलं की पुढे नाल्याचं पाणी पांदणीवर येतं, तिथे पाइप टाकायला पाहिजे. पलीकडच्या पिकात निंदण करणाऱ्या दोघी जावा भेटल्या. धाकटी म्हणाली की या वाटेनेच तिची वरात आली होती. आणि हाजराबी.

चार माणसं भेटली. चौघांची नावं मी बडनेऱ्याच्या फलाटापर्यंत पाठ करत आले. मग आठवलं की विचारणारं कोणी नाही.