राख तोलणारे काका

डहाणूच्या आमच्या प्रयोगशाळेत लाकडातली खनिजं मोजायचं यंत्र आलं, तरी काका लाकूड भट्टीत जाळून राखच तोलत राहिले. तोलताना श्वास रोखून धरायचे, राख उडू नये म्हणून.

सरावली गावातून आलेल्या चिकूच्या फांदीचे यंत्राचा आणि काकांचा असे दोन आकडे जुळेनात. साहेब म्हणाले, "वहीत दोन्ही रकान्यांत यंत्राचाच आकडा लिहा."

"यंत्राने सालीवरची धूळ मोजलीय, साहेब. मी साल काढून जाळलंय."

काकांनी वहीत स्वतःचाच आकडा लिहिला, सही केली आणि वही पुढे सरकवली. "खोडायचं तर तुम्ही खोडा. पण बाजूला सही करा."

साहेबांनी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

यंत्र मीच चालवलं होतं, साल न काढता. काकांनी माझं नाव घेतलं नाही. जाताना माझ्या टेबलावर साल सोलायची सुरी तेवढी ठेवून गेले.