बर्फावरचा मराठी आठ

या प्रवासाला मी जाऊ नये, असं सर्वांत आधी मलाच वाटलं होतं. वय पन्नाशीकडे झुकलेलं, गुडघे कुरकुरणारे, आणि अमरावतीतल्या आमच्या साप्ताहिकाचा अंक दर आठवड्याला डोक्यावर बसलेला. पण अकोल्याहून दादाचा निरोप आला. "वहिनीला एकटीला पाठवता येत नाही आणि मला दवाखाना सोडता येत नाही. तू जा."

दादा म्हणजे माझे थोरले बंधू. जठारपेठेत त्यांचा दवाखाना आहे. लढाईच्या आधी ते डॉक्टरीच्या पुढच्या अभ्यासाला व्हिएन्नाला गेले आणि येताना वहिनीला घेऊन आले. तिचं माहेरचं नाव हेडी. आमच्या आईने त्याचं हिराबाई केलं. तिला मराठी शिकवली ती जठारपेठेतल्या शेजारणींनी आणि भाजीवाल्या माळिणींनी, त्यामुळे ती माझ्यापेक्षा चोख वऱ्हाडी बोलते. नळावरून हंडा घेऊन पळत येणाऱ्या पोरींना ओट्यावरून तिची रोजची हाक असते, "सावकास वं पोट्टे, घाई नोको करू!" नवखा माणूस आवाज ऐकून मान वर करतो आणि निळे डोळे बघून थबकतो.

या लग्नामुळे वहिनीच्या वडिलांनी तिचं नाव टाकलं. धाकटी बहीण ग्रेटी तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षांची. गोठलेल्या तळ्यावर तिला बर्फावर घसरायचे पात्याचे बूट घालून उभं राहायला शिकवलं ते वहिनीनेच. लग्नानंतर दोघींत एक अक्षर गेलं-आलं नाही. आता वडील वारले होते, आणि चुलतभावाकडून कळलं की ग्रेटी जागतिक हिवाळी खेळांत बर्फावरच्या नृत्याच्या स्पर्धेला उतरते आहे. वहिनीने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मले जाचं आहे. बोलली तं बोलली, नाही बोलली तं पाहून येईन."

संपादकांनी मला सोडलं, एका अटीवर. प्रत्येक बंदरातून एक पत्र अंकासाठी आलं पाहिजे. म्हणजे सुट्टीही नाही आणि नोकरीही नाही, मधलंच काहीतरी.

जाणाऱ्यांसाठी उपयोगाच्या गोष्टी सांगून टाकतो. मुंबईपर्यंत पाय पसरायचे असतील तर बडनेऱ्याला न चढता गाडी जिथून सुटते त्या स्टेशनातूनच बसा. गरम कोट नवा शिवू नका, मुंबईच्या जुन्या बाजारात साहेबलोकांचे उतरलेले कोट मिळतात, फक्त अस्तर तपासून घ्या. जहाजाचा दुसरा वर्ग पुरे, पण खोली मधोमध मागा. मी टोकाची घेतली आणि एडनपर्यंत छताकडे बघत पडून राहिलो. लिंबाच्या लोणच्याने मळमळ थांबते असं म्हणतात. थांबत नाही. जवसाची चटणी मात्र भरपूर न्या. पुढे रोज उकडलेला बटाटा समोर येतो आणि तिच्याशिवाय तो घशाखाली उतरत नाही.

वहिनीला बोट लागली नाही. ती कठड्याशी उभी राहून समुद्र बघायची. युरोपी बाया तिला विचारायच्या, तुम्ही हे लुगडं का नेसता? सुएझच्या पुढे थंडी सुरू झाली तेव्हा मीही सुचवलं, की आता तिकडचे कपडे घातलेले बरे.

"भाऊजी," ती म्हणाली, "मी हिराबाई होऊन गेली, तं हिराबाईच जाईन. ओळखलं तं ओळखन."

जिनोआला उतरलो तो दिवस पावसाळी होता. तिथून मिलान, मिलानहून सरोवराच्या काठाकाठाने तिरानो. तिरानोला खाणावळीत मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा वाढला, आपल्या ज्वारीच्या कण्यांच्या जवळचा, आणि जहाज सोडल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवलो. तिथून डोंगर चढणारी विजेची छोटी गाडी मिळते. उजव्या बाजूला बसा असं सगळे सांगतात. मी डाव्या बाजूला बसून झोपलो. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर सगळं पांढरं होतं आणि वहिनी काचेला नाक लावून बसली होती.

खेळांचं गाव डोंगराच्या कुशीत, गोठलेल्या तळ्याच्या वर. हॉटेलं मोठाली. आम्ही राहिलो एका बेकरीवाल्याच्या माडीवर, खालच्या भट्टीची ऊब फुकट मिळायची म्हणून. पोचलो त्या संध्याकाळीच वहिनीने बहिणीच्या उतरण्याच्या जागी जाऊन आत निरोप पाठवला. त्यांच्या चमूची देखरेख करणारी एक करड्या केसांची बाई बाहेर आली. तिने लुगड्याकडे पाहिलं, मग वहिनीचं शुद्ध जर्मन ऐकून गोंधळली. पण उत्तर बदललं नाही. स्पर्धा होईपर्यंत मुलीला कुणालाही भेटता येणार नाही, मन विचलित होतं.

"बरोबर आहे तिचं," परत येताना वहिनी म्हणाली. "मी असती तं मीबी नसतं भेटू देलं."

आणि दुसऱ्या दिवशी वारा सुटला.

आम्ही वऱ्हाडातली माणसं. वैशाखात आमच्याकडे डांबर पाघळतं. थंडी बघायला सात समुद्र ओलांडून यावं आणि आपल्या पाठोपाठ उन्हाळाच यावा, याला काय म्हणायचं? दक्षिणेकडून आलेल्या त्या कोमट वाऱ्याने बघता बघता बर्फाचं मैदान पाणथळ केलं. माणसं खराटे घेऊन पाणी लोटत होती. छपरांवरून धारा लागल्या. नाचाची स्पर्धा पुढे ढकलल्याची पाटी लागली. पुढच्या दिवशी तीच पाटी पुन्हा.

"भाऊजी, हे हवा कावून सुटली?" वहिनी दर तासाला विचारायची, जणू मी ती जठारपेठेतून ट्रंकेत घालून आणली होती. आमचं परतीचं जहाज ठरलेलं होतं, ते चुकलं तर पुढच्यापर्यंत थांबण्याची ऐपत नव्हती. गाव सोडायची दुपार जवळ येत होती आणि बर्फ पातळ होत होता. मी भट्टीच्या उबेला बसून अंकासाठी पत्र लिहिलं आणि लगेच टपालात टाकलं.

या पत्रात मी वाचकांना खेळ समजावून सांगितला होता. स्पर्धेचे दोन भाग असतात. दुसरा भाग संगीतावरच्या नाचाचा, त्याला गर्दी लोटते. पहिल्या भागात ठरलेल्या आकृत्या बर्फावर काढायच्या असतात. त्यातली मूळ आकृती म्हणजे आठचा आकडा. एका पायावर पहिलं वर्तुळ पुरं करून मध्यावर यायचं, पाय बदलून दुसरं वर्तुळ काढायचं आणि नेमकं त्याच बिंदूवर बंद करायचं. मग त्याच रेघेवरून पुन्हा, आणि पुन्हा. पंच वाकून, कधी गुडघ्यावर बसून रेघा तपासतात. पत्रात मी इंग्रजी आठ काढून दाखवला होता. त्याचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी वारा पडला. पहाटे खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी होती. वहिनी कोट चढवून दारात उभी. "उठा भाऊजी. गोठलं."

आकृत्या सकाळीच सुरू झाल्या. नाच दुसऱ्या दिवशी होता, तो आम्हाला दिसणार नव्हता. आम्हाला दिसणार होते ते हे आठ, आणि ते बघायला आमच्याखेरीज फार कुणी आलंही नव्हतं. सामान मी बरोबरच आणलं होतं, कारण गाडी दुपारची. इतकी शांतता होती की लोखंडाचं पातं बर्फ कापताना ऐकू यायचं.

ग्रेटी आली. उंच, सडसडीत, लोकरी टोपी कानांवर ओढलेली. वहिनीने कठडा दोन्ही हातांनी धरला. पहिलं वर्तुळ सुरेख आलं, मलासुद्धा कळलं. मध्यावर पाय बदलला. दुसऱ्या वर्तुळात ती किंचित आत झुकली आणि वेग वाढला.

आणि माझ्या शेजारून खणखणीत हाक गेली, "सावकास वं पोट्टे! घाई नोको करू!"

पंचांनी माना वळवल्या. त्या मैदानावर ही भाषा कुणाच्याही कानावरून गेलेली नसणार. ग्रेटीला तरी शब्द कुठून कळणार? पण आवाज कळला. तिची मान वळली, जेमतेम वळली असेल, आणि वर्तुळ मध्यावर मिळण्याऐवजी बाहेरून निघून गेलं. वितीएवढी फट राहिली.

वहिनीने तोंडावर पदर धरला. पंच वाकले, बघितलं, उभे राहिले.

उरलेल्या आकृत्या ग्रेटीने एकदाही कठड्याकडे न बघता पुऱ्या केल्या. मी घड्याळ बघत होतो आणि ते वहिनीला दिसू नये असं बघत होतो. शेवटची आकृती झाल्यावर ग्रेटी सरळ आमच्याकडे घसरत आली आणि कठड्यापलीकडे थांबली. दोघी जर्मनमधून बोलल्या. मला एक अक्षर कळलं नाही. दिसलं ते एवढंच, की ग्रेटी रागावलेली होती आणि तिचे डोळे भरलेले होते. वहिनी काहीतरी सांगत होती. मग तिने कठड्यावरच्या बर्फात बोटाने काहीतरी काढलं. ग्रेटीने ते निरखलं. हातमोजा काढून वहिनीच्या गालाला हात लावला. करड्या केसांच्या बाईने लांबून हाक मारली, आणि ग्रेटी गेली.

काय बोलणं झालं ते वहिनीने मला गाडी डोंगर उतरू लागल्यावर सांगितलं. सांगितलं अर्थातच तिच्या भाषेत, त्यामुळे माझ्या आठवणीत ग्रेटीसुद्धा वऱ्हाडीच बोलते.

"ती म्हणे, तू कावून वरडली वं? माहा आठ बिघडवला. मी म्हटलं, मले समजलंच नाही कवा वरडली ते. तू लहानपणीबी त्याच जागेवर घाई करत होती. मंग ती रडली. मी म्हटलं, रडू नोको, आमच्या इकडं आठ असाच असते. तोंड उघडं. अन् तिले काढून दाखवला."

"आपला ८?"

"हो ना. तं ती म्हणे, हे तं अर्धंच आहे. मी म्हटलं, बाकीचं अकोल्याले येऊन काढ."

"मग?"

"मंग काय? ते बुढी वरडली ना."

जिनोआच्या धक्क्यावर जहाजात चढण्याआधी मी वर्तमानपत्र घेतलं. निकाल होता. ग्रेटीचं नाव शोधायला बराच खाली जावं लागलं. वहिनीने ते वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं.

"भाऊजी, मी वरडली नसती तं?"

इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या बातम्या लिहितो. खोटा दिलासा देणारं वाक्य मला सहज जुळवता येतं. पण मी दमलो होतो, आणि तिला खोटं लगेच कळतं. "माहीत नाही, वहिनी," मी म्हणालो. तिने मान हलवली. परतीच्या प्रवासात ती कठड्याशी फारशी उभी राहिली नाही. मला मात्र या खेपेला बोट लागली नाही, तेवढी एक जमेची बाजू.

बडनेऱ्याला उतरलो तर टांगेवाला सामान चढवताना हसत होता. "साहेब, तुमचं आलेलं वाचून दाखवलं लोकायनं आमाले. इतक्या दूर जाऊन आठाचा आकडा पाहून आले? तो तं आमचा बैल चालता चालता मुतते तवा काढते!"

मला काही उलगडेना. कचेरीत अंक बघितला तेव्हा कळलं. आमच्या छापखान्याचा जुना नियम आहे, मजकुरात इंग्रजी आकडा दिसला की कंपोझिटरने तो मराठी करायचा. त्याने नियम पाळला होता. माझ्या दोन बंद वर्तुळांच्या जागी ठळक टाईपात उभा होता '८'. वर्तुळांचं वर्णन राहिलं बाजूला, साऱ्या वऱ्हाडाने वाचलं, की जगभरचे लोक बर्फावर जमतात आणि एक वाकडी रेघ काढतात, आणि ती बरोबर आली का ते पंच गुडघ्यावर बसून पाहतात. भातकुलीहून एका शेतकरी वाचकाने संपादकांना विचारलंही होतं, की यात बक्षीस कशाचं?

मी चूकदुरुस्तीचा मजकूर लिहून काढला. पण वहिनीला दाखवावा असं वाटलं म्हणून रविवारी अकोल्याला गेलो. ऊन तापायला लागलं होतं. जठारपेठेत ओट्यावर वहिनी आणि शेजारची म्हातारी द्वारकाबाई संत्री सोलत बसल्या होत्या.

"भेटली म्हणते बहीण," म्हातारी मला सांगत होती. "पण येईन का नाही ते काही सांगत नाही बाई."

मी अंक पुढे केला. वहिनीने तो ८ पाहिला आणि आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने हसली. मग माझ्या हातातला चूकदुरुस्तीचा कागद वाचला. नळावरून एक पोरगी हंडा घेऊन पळत येत होती. वहिनीने मान वर केली, तोंड उघडलं आणि हाक न मारताच मिटलं. पोरगी आपली सुखरूप घरात गेली.

"वहिनी, छापू ना?"

तिने कागद परत दिला.

"राहू द्या, भाऊजी. एक अंक ग्रेटीले पाठवून द्या. आठ उघडा आहे तोवर आस आहे."

अंक पाठवला आहे. चूकदुरुस्ती आम्ही छापलेली नाही.