दिल्लीला गेलेली सात पानं

माझा धाकटा भाऊ आखातात नोकरीला होता. तिथेच तो अचानक गेला आणि त्याचा देह पुण्यात आणायला तीन आठवडे लागले. मेहुण्यासाठी हे रोज सकाळी कर्वेनगरच्या आमच्या घरातून वकिलातीला फोन लावायचे. पलीकडून इंग्रजीत एकच उत्तर यायचं, कागदपत्रं तयार होत आहेत. मी नुसती ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायची.

पुढच्या वर्षी ह्यांनी पेपरात एक जाहिरात वाचली. परदेशातल्या भारतीयांच्या अडचणींवर खासदारांची एक समिती विचार करणार होती आणि लोकांकडून निवेदनं मागवत होती.

"परराष्ट्र धोरण ठरवायला आता कर्वेनगर लागतंय वाटतं," मी म्हटलं.

"धोरण सरकारच ठरवतं गं. पण ही समिती अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारते, असं का चाललंय? मग शिफारशी करते. सरकारनं त्या मानल्याच पाहिजेत असं नाही, पण मानल्या नाहीत तर का, ते लेखी द्यावं लागतं. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हा नियम लावला, तर दोन्ही वेळ पाणी येईल."

चार दिवस बसून ह्यांनी निवेदन लिहिलं. सात पानं झाली. मला वाटलं, वाचायला देतील. तर म्हणाले, समितीला दिलेलं निवेदन गोपनीय असतं, जाहिरातीतच तसं छापलंय.

"अहो, पण माझ्याच भावाबद्दल आहे ना ते?"

"म्हणून काय नियम मोडायचा?"

समितीला दोन प्रती हव्या होत्या. ह्यांनी दोन्ही हातानं लिहिल्या, कारण झेरॉक्सवाल्यानं वाचलं तर? कच्चे कागद बारीक फाडून टाकले आणि पाकीट स्वतः पोस्टात देऊन आले. अहवाल संसदेत मांडला की सगळं सांगेन, म्हणाले. खुद्द समितीलासुद्धा इतकी गुप्तता अपेक्षित नसेल! मी चिडून दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्या दोन दिवसांची आता फार हळहळ वाटते.

अहवाल येण्याआधीच हे गेले. दुपारचं जेवण झालं, छातीत दुखतंय म्हणाले, आणि संपलंच.

अहवाल आल्याचं कळलं तेव्हा मी तो नारायण पेठेतल्या एका दुकानातून छापून आणला आणि पेन्सिल घेऊन वाचायला बसले. साक्षीला आलेल्या अधिकाऱ्यांची यादी होती, निवेदनं पाठवणाऱ्यांची नावं नव्हती. एका शिफारशीपाशी मात्र थबकले. परदेशात कुणी दगावलं तर देह घरी पोचेपर्यंत वकिलातीनं कुटुंबाला रोज, त्यांच्या भाषेत फोन करावा. नवीन काही नसेल तर तेही सांगावं. मला रडू फुटलं. हे ह्यांचंच, असं मन सांगत होतं. पण असं दुःख काय आमच्या एकट्याच्या घरी झालं होतं? किती जणांनी हेच लिहिलं असेल.

काही महिन्यांनी सरकारचं लेखी उत्तरही आलं. शिफारस मान्य होती, वकिलातींना तशा सूचना गेल्या होत्या. त्या दिवशी मी धीर करून दिल्लीच्या कार्यालयात फोन केला आणि ती पानं मागितली. तिथले गृहस्थ सौजन्यानं बोलले. निवेदन आता समितीच्या दप्तरात आहे, बाहेर देता येत नाही, म्हणाले. ज्यांनी ते लिहिलं त्यांची मी बायको आहे, असं सांगितलं, तरी ते पुन्हा तेच म्हणाले.

ती शिफारस ह्यांची होती की नाही, हे मला कधीच कळलं नाही तरी चालेल. पण माझ्या भावाबद्दल ह्यांनी सात पानं भरून काय लिहिलं, ते मला वाचायचंय. तो गेल्यापासून हे माझ्याशी त्याच्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.