रविवारी सुट्टी घेणारी देवी

भांड्याचं झाकण अर्धवट उचलायचं, डोळे मिटून वास घ्यायचा आणि मग म्हणायचं, "आदी वास घ्यावा, मगच तोंड उघडावं." आमच्या कारखान्याच्या कँटीनमधली मावशी हे डाळीबद्दल म्हणायची, बाजारातल्या माशांबद्दल म्हणायची आणि माणसांबद्दलही म्हणायची. नवा सुपरवायझर जेवायला बसला की त्याच्या पाठीमागून जाताना ती हलकेच नाक वर करी आणि माझ्याकडे बघून मान हलवी. तिचा अंदाज सहसा चुकत नसे. माझ्याबद्दल तिने काय अंदाज बांधला होता, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

डिचोलीजवळ आमचा कारखाना. फरसाणाच्या, मसाल्याच्या पिशव्या छापायच्या, कापायच्या, तापलेल्या पट्टीखाली सील करायच्या आणि गठ्ठे बांधायचे. मी तिथे टाइम ऑफिसात. हजेरी, रजा, नोटिसा, पत्रं हे माझं काम, म्हणून मावशीच्या तोंडी मी "टायमसाहेब". ती खानापूरच्या बाजूची. नवरा सेंट्रिंगच्या कामाला गोव्यात आला, त्याच्यामागून ही आली. तो पुढे दुसऱ्या साइटवर गेला तो गेलाच. ही राहिली. आमचं माशाचं हुमण आमच्या बायकांपेक्षा चांगलं करायला शिकली.

आणि तिच्या अंगात यायचं. यल्लम्मा.

इथे तुमच्यातले निम्मे जण हसले असतील. हसा. मीही हसत होतो. कॉलेजात असल्यापासून मी या विषयावर भाषणं ठोकत आलो होतो. एका पौर्णिमेला दुपारी मी मुद्दाम तिच्या खोलीवर गेलो, नाटक उघडं पाडायला. देवीच्या टोपलीसमोर ती बसली होती. समोर पाचसहा बायका. हळूहळू तिचे खांदे हलायला लागले, मान मागे गेली, आणि ती बोलायला लागली. आरडाओरडा नाही, केस मोकळे सोडणं नाही. एकीला म्हणाली, "सुनेला माहेरी धाड, चार दिस." दुसरीला म्हणाली, "तू खोटं सांगतीस." पाव तासाने ती शांत झाली, घोटभर पाणी प्यायली आणि चहात पाव बुडवत तिने मलाच विचारलं, "काय म्हनली ओ देवी? कुनाला वाईट न्हाई न्हवं बोलली?"

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"मला कसं ठावं असंल? मी न्हवतोच की तितं."

मी म्हणालो, "नाटक बरं वठवता, मावशी."

ती रागावली नाही. "तुमी वास घ्या की, साहेब. खोट्याला वास येतो," एवढंच म्हणाली आणि उरलेला पाव माझ्यापुढे सरकवला. मी तो खाल्ला आणि माझं मत तसंच ठेवून घरी आलो.

पुढे खाणींचे ट्रक पुन्हा रस्त्याने धावायला लागले. लाल धूळ उडून छापलेल्या ओल्या पिशव्यांवर बसायची आणि माल परत यायचा. मॅनेजरने उपाय काढला. पॅकिंगच्या खोलीच्या सगळ्या खिडक्या बंद करून फटींवर तपकिरी चिकटपट्टी मारली आणि आत एसी लावला. शेजारच्याच दालनात छपाई. शाई पातळ करायचं थिनर, डबे उघडे, मधला दरवाजा सताड उघडा. धूळ थांबली. थिनरला बाहेर जायला वाट उरली नाही.

पंधरा दिवसांत मुळगावची सुषमा पडली. पिशव्या मोजता मोजता हसायला लागली, मग डोळे वर गेले, मग ती काहीबाही बरळली आणि खाली कोसळली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. कोणीतरी म्हणालं, भार आला, म्हणजे अंगात आलं. झालं. कुंकू आलं, उदबत्ती आली. उदबत्ती, थिनरच्या खोलीत! एक ठिणगी पुरली असती. मालक मूळचे पेडण्याचे, भारी देवभक्त. गावच्या देवळात देवाला पाकळ्या लावून कौल घेतल्याशिवाय नवं यंत्र विकत घेत नसत. त्यांनी भटजी बोलावून खोलीत नारळ फोडला.

मावशीला कोणी विचारलं नाही. तीच आपण होऊन आली. तिने सुषमाचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या तोंडाचा वास घेतला.

"म्हजी तकली घुंवता गे मावशे," सुषमा डोकं दाबत म्हणाली, "आनी ओंक येता."

"देवी आली की डोकं हलकं हुतंय, दुकत न्हाई," मावशी आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "उलटी तर येतच न्हाई. आनि मला सांगा, ही रोज अकराच्या पुढं येती, पाच वाजता जाती, आनि रविवारी येतच न्हाई. रविवारी सुट्टी घेनारी देवी मी तरी बगितली न्हाई." मग तिने नाक वर केलं. "ह्यो डब्यातला वास हाय. खिडकी उघडा."

मॅनेजर म्हणाला, "तू डाळ बघ."

दोन दिवसांनी सुषमाला पुन्हा भोवळ आली आणि तिचा उजवा हात सीलच्या पट्टीखाली गेला. चार बोटांची सालं निघाली. पुढच्या वेळी काय जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी कँटीनमध्ये गेलो. मला एक युक्ती सुचली होती आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

"मावशी, मालक देवाचं ऐकतात. उद्या ते आले की अंगात येऊ द्या. देवीला म्हणायला लावा, खिडकी उघडा. पाच मिनिटांचं काम."

तिने हातातली पळी खाली ठेवली. "देवीच्या तोंडात माजं बोलनं घालू?"

"चांगल्या कामासाठीच ना?"

"एकदा घातलं, की ती कवा बोलली आनि मी कवा बोललो, ते माजं मलाच कळायचं न्हाई, साहेब. मग माज्याकडं ऱ्हायलं काय?" पळी परत उचलून ती म्हणाली, "तुमास्नी लिवता येतंय. तुमी लिवा की."

मी म्हणालो, माझं कोण ऐकतो. बघा हं, ज्या माणसाने आयुष्यभर अंधश्रद्धेवर भाषणं दिली, त्याला गरज पडल्यावर खोटी देवी हवी होती. आणि जिला तो नाटकी म्हणत होता, ती नाटक करायला नाही म्हणत होती. हे मला तेव्हा दिसलं नाही. बाई हट्टी आहे, एवढंच वाटलं.

मग आला लाइफ कोच. पेडण्याच्या किनाऱ्यावर हल्ली अशी माणसं पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखी उगवलेली आहेत, तुम्हीही पाहिली असतील. पांढरे कपडे, मनगटात मणी, बोलण्यात ऊर्जा आणि कंपनं. मॅनेजर वास्कोहून रोज येता-जाता गाडीत त्याची व्याख्यानं ऐकायचा; त्यानेच त्याला कारखान्यात बोलावलं. आपण जे मनात धरतो तेच प्रत्यक्षात येतं, याला मॅनिफेस्टेशन म्हणतात, असं कोचने पॅकिंगच्या बायकांना हिंदीतून सांगितलं. आजार मनात असतो. मन बदला, शरीर बदलेल. बोटांना पट्टी बांधलेली सुषमा पुढच्याच रांगेत बसली होती. तिचा आजार कुठे होता ते त्याला दिसत होतं.

नंतर त्याने डोळे मिटायला लावले. "श्वास आत घ्या. खोल. आणखी खोल." त्या खोलीत! चिकटपट्टी मारलेल्या, थिनरने कोंदलेल्या खोलीत तीस बायका छाती भरभरून श्वास घेत होत्या. दोघी जागच्या जागी लवंडल्या. एक खदखदा हसायला लागली. कोच आनंदला. "बघा, आतल्या गाठी मोकळ्या होताहेत," तो म्हणाला, आणि मॅनेजरने त्याचा फोटो काढला. बाईच्या अंगात देवी आली तर तो अडाणीपणा, आणि हा माणूस बायकांना विष हुंगवून पाडतो ते शास्त्र! मी दाराशी उभा राहून हे बघत होतो. माझा राग त्याच्यावर आहे तितकाच माझ्यावरही आहे, कारण मी उभाच राहिलो.

शेवटी प्रत्येकाने आपला संकल्प कागदावर एकवीस वेळा लिहायचा होता. कँटीनवाल्यांनीही. मावशीला अक्षर येत नव्हतं. ती माझ्या टेबलाशी आली, कोरा कागद ठेवला आणि म्हणाली, "लिवा. खिडकी उघडा. एकवीस डाव."

कागद मॅनेजरकडे जाणार होते. अक्षर माझं होतं. मी मान खाली घालून लिहिलं, "मी निरोगी आहे." एकवीस वेळा. एक ओळसुद्धा चुकली नाही. तिने जांभळ्या शाईत बुडवून खाली अंगठा उमटवला आणि कागदाकडे बराच वेळ समाधानाने बघितलं. "झाक दिसतंय," म्हणाली.

कोचच्या सांगण्यावरून ते सगळे कागद भिंतीवर लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने सुषमाला आपला कागद वाचायला सांगितला. सुषमाने वाचला. मावशी टाइम ऑफिसच्या खिडकीशी आली. तिचा आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"देवी माज्या तोंडानं बोलती, ते तुमाला खोटं वाटतंय. आनि तुमी माज्या अंगठ्यानं बोललासा, ते?"

मी हजेरीचं रजिस्टर पुढे ओढलं.

ती परत कँटीनमध्ये गेली आणि भाकरीचं उलथनं घेऊन सरळ पॅकिंगच्या खोलीत शिरली. मालक त्या दिवशी संकल्पांची भिंत बघायला आले होते, बरोबर कोच आणि मॅनेजर. ती कोणाकडे न बघता स्टुलावर चढली आणि उलथन्याने खिडकीवरची पट्टी खरवडायला लागली. पट्टी फाटत येत होती. पदर खांद्यावरून घसरला होता, केस सुटले होते.

"धरा तिला!" मॅनेजर ओरडला. "तिच्या अंगात आलंय!"

कोणी धरलं नाही. वॉचमन दोन पावलं मागे सरले. बायकांनी कपाळाला हात लावले. आणि मालकांनी, एवढ्या मोठ्या माणसाने, चपला काढल्या, हात जोडले आणि ते म्हणाले, "आई, आमचं काय चुकलं? तू सांगशील ते करतो."

मला वाटलं, आता जमलं. तिने काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प राहायचं, नाहीतर एकदा मान हलवायची. खिडक्या उघडल्या असत्या आणि तिला कामावरून काढणं तर सोडाच, तिची ओटी भरली असती.

तिने उलथनं खाली केलं, पदर नीट घेतला आणि मालकांकडे वळली.

"हात खाली घ्या, मालक. माज्या अंगात कोन न्हाई. हितं मीच हाय. कँटीनवाली. मीच म्हनतोय, खिडकी उघडा. पोरी मरतील."

मालकांचे हात सुटले. त्यांनी आधी पायात चपला घातल्या, मग मॅनेजरला म्हणाले, "हिला बाहेर काढा." देवीपुढे वाकलेला माणूस बाईपुढे इतक्या लवकर सरळ झालेला मी दुसरा पाहिला नाही.

कामावरून काढल्याचं पत्र मीच टाइप केलं. लपवत नाही. "मानसिक तोल गेल्याने कामाच्या जागी गैरवर्तन" असे मॅनेजरचे शब्द होते. सहीसाठी ती माझ्या टेबलाशी आली तेव्हा म्हणाली, "वाचा. ह्या टायमाला लिवलंय तेच वाचा." मी वाचलं, शब्दन् शब्द. तिने कागद उचलून नाकाशी धरला, परत ठेवला आणि शाईच्या पॅडला बोटसुद्धा न लावता निघाली. जाताना कँटीनमधल्या डाळीचा गॅस बारीक करून गेली.

मॅनेजरने संध्याकाळी पट्टी पुन्हा मारून घेतली. त्या रविवारी मी घरी बसून कारखाना निरीक्षकाला तक्रार लिहिली. थिनर, खिडक्या, सुषमाची बोटं, अकरा ते पाच, सगळं. खाली माझं नाव, माझी सही. निरीक्षक दोन महिन्यांनी आला. मला गोदामात बदललं, पण खोलीला हवा बाहेर फेकणारे दोन मोठे पंखे बसले, मधला दरवाजा बंद झाला, आणि त्यानंतर तिथे कोणाच्या अंगात आलं नाही. सुषमाचं मधलं बोट अजून पुरतं वळत नाही. कोच अजून किनाऱ्यावर आहे आणि त्याच्या जाहिरातीत आमच्या खोलीचा फोटो आहे.

मावशी गावी गेली. खानापूरकडच्या कामगारांबरोबर मी दोनदा निरोप धाडला की पंखे बसले. उत्तर आलं नाही. ती माझ्यावर रागावली असेल तर तिचा हक्क आहे.

लोक मला चिडवतात, काय हो, तुम्ही तर अंधश्रद्धावाले, त्या बाईच्या अंगात खरंच यायचं का? मी सांगतो, यायचं. नेमकं काय यायचं ते मला माहीत नाही. पण हात जोडून उभ्या असलेल्या मालकाला जिने आपण देवी नाही म्हणून सांगितलं, ती त्या पौर्णिमेला माझ्यासमोर खोटं बोलली असेल हे मी मानणार नाही.

त्या पत्राची कारखान्याची प्रत गोदामात येताना मी फाइलमधून काढून आणली. ती घरी कपाटात आहे. मजकुराखाली डाव्या कोपऱ्यात तिच्या अंगठ्यासाठी मी पट्टीने आखलेला चौकोन आहे. तो कोरा आहे.