सात वाजताचं माप

वडिलांना गावाहून बुलढाण्याला आणलं त्या दिवशी मी पहिली वस्तू घेतली ती रक्तदाब मोजायचं यंत्र. दुसरी, दोनशे पानांची वही. वहीत सहा रकाने आखले: तारीख, सकाळचा दाब, संध्याकाळचा दाब, साखर, वजन आणि गोळ्या. माझी नोकरी पाटबंधारे खात्यातली. धरणांच्या पाण्याची पातळी रोज ठरलेल्या वेळी बघायची आणि लिहायची, हे काम मी सव्वीस वर्षं करतो आहे. वडिलांची तब्येतही तशीच लिहून काढली की हाताबाहेर जाणार नाही, असं मला मनापासून वाटत होतं.

आई जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. गाव धामणगाव बढ्याच्या पलीकडे, बुलढाण्यापासून बसनं दीड तास. वडील तिथं एकटे राहायचे, दोन वेळचं स्वतः करून खायचे. एकदा गोळी विसरले आणि अंगणात चक्कर येऊन पडले. कपाळाला तीन टाके पडले. त्यानंतर मी त्यांचं काही ऐकलं नाही. कपड्यांची पिशवी भरली, घराला कुलूप लावलं आणि त्यांना घेऊन आलो.

ते एकटे राहायचे असं मी आत्ता लिहिलं. तेव्हाही मी सगळ्यांना तेच सांगायचो. ते खरं नव्हतं. गावात बाजारगल्लीत एका पिंजाऱ्याचं दुकान आहे, गाद्या-रजया भरायचं. त्या चाचांची आणि वडिलांची दोस्ती दोघं चड्डीत होते तेव्हापासूनची. सकाळी दहा ते एक वडील त्या दुकानात कापसाच्या ढिगाला टेकून बसायचे. काम काही करायचे नाहीत. गादी शिवायला आलेल्या माणसाला, हा टाके लांब घालतो, नीट पाहून घे, एवढं मात्र न चुकता सांगायचे. चाचा म्हणायचे, हा माझं गिऱ्हाईक तोडायला बसतो. हे मी लहानपणापासून ऐकत आलो.

आमच्याकडे गावजेवणाला रोडगे करतात. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे आणि सोबत वांग्याची भाजी. विस्तव वडिलांकडे आणि भाजी चाचांकडे, अशी वाटणी कित्येक वर्षं चालली. एका वर्षी शंभरेक रोडगे करपले. ते कोणामुळे करपले याचा निकाल दोघांत कधी लागला नाही.

बुलढाण्याला आल्यावर तेच भांडण फोनवर सुरू झालं. चाचा दुकान बंद करून रोज संध्याकाळी पावणेसातला फोन करायचे. गावात कोण आजारी, कोणाच्या पोरीचं जमलं, सोयाबीनला काय भाव लागला, हे आधी व्हायचं आणि मग गाडी रोडग्यांवर यायची. वडील खाटेवर ताठ बसून ओरडायचे, "वारा कोणत्या अंगानं होता हे तुले आजलोक समजलं नाई बे. म्हने विस्तव जास्त झाला." पलीकडून चाचा काय म्हणायचे ते भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यालाही ऐकू जायचं. पंधरा मिनिटांनी फोन बंद व्हायचा. वडिलांचा चेहरा लाल झालेला असायचा आणि ते पोटभर जेवायचे.

मी दाब मोजायचो ठीक सात वाजता. म्हणजे फोन खाली ठेवल्या-ठेवल्या. आकडा यायचा एकशे बासष्ट, एकशे अठ्ठावन्न, एकदा एकशे सत्तर. मंगळवारी बाजाराच्या गर्दीत चाचांना फोन करायला जमायचं नाही. त्या दिवशीचा आकडा कमी. तेवीस दिवस झाल्यावर मी बसून हिशेब केला. फोनच्या दिवसांची सरासरी आणि बिनफोनच्या दिवसांची सरासरी यांत चौदाचा फरक निघाला. मला वाटलं, आजाराचं कारण सापडलं. माप घेण्याआधी माणसाला पाच मिनिटं गप्प बसावं लागतं, बोलता-बोलता आकडा चढतोच, हे मला फार उशिरा कळलं. यंत्रासोबतच्या कागदावर ते छापलेलं होतं. मी तो कागद घडी घालून वहीतच ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसातून चाचांना फोन केला. सरळ बोललो. तुमच्याशी बोलल्यावर बाबांचा दाब वाढतो, माझ्याकडे नोंदी आहेत, तेव्हा काही दिवस फोन आठवड्यातून एकदाच करा. मागं पिंजायच्या यंत्राचा आवाज चालू होता, तो चाचांनी बंद केला.

मग म्हणाले, "तू शिकेल माणूस हाय बाबू. त्याले त्रास होत असन तं नाई करत. पन आठवड्यातून एकदा केला तं तो बाकीचे सहा दिवस वाट पाह्यन. त्याहून बंदच बरा. त्याले मात्र सांगजो, का म्या तुह्या सांगन्यावरून बंद केला."

मी सांगतो म्हणालो.

"नक्की सांगशीन ना?"

नक्की म्हणालो.

त्या संध्याकाळी सांगणार होतो. पण सांगितलं तर ते चिडणार आणि दाब वाढणार. म्हणून ठरवलं, आकडा जरा खाली आला की सांगू. आठ दिवसांत आकडा एकशे अडतीसवर आला. तेव्हा वाटलं, आता खाली आलेला आकडा कशाला बिघडवा. मी वहीत त्या आकड्याभोवती लाल गोल केला होता. तो अजून आहे.

पहिले काही दिवस वडील पावणेसातला फोन मांडीवर घेऊन बसायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी माझ्या बायकोला हाक मारली, याची रेंज पाह्य बरं पोरी. तिनं तिच्या फोनवरून लावून पाहिला. वडिलांच्या मांडीवरचा फोन वाजला. ते म्हणाले, वाजते तं. मी तिथंच बसलो होतो, हातात वही होती.

त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. चाचांना स्वतः फोनही केला नाही. हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. आमच्या गावात जेवणाचं आवतन घरोघर जाऊन देतात. एखाद्या घरी आवतन गेलं नाही तर ते घर काय ते समजून घेतं. का नाही आलं, असं कोणी विचारायला जात नाही. विचारणं म्हणजे जेवण मागणं. वडील त्याच रीतीत वाढलेले. गाव सोडून ते आले होते, मागं राहिलेला चाचा होता. बोलवायचं त्यानं. त्यानं बोलवणं थांबवलं म्हणजे आपली जागा तिथं उरली नाही, असा हिशेब त्यांनी मनात केला असणार. मला ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. मीही त्याच गावचा. पण ती रीत फोनलाही लागू असेल हे माझ्या ध्यानात आलं नाही.

दोन-तीन आठवड्यांनी त्यांनी फोन कपाटावर ठेवून दिला. चार्जिंगला लावायलाही सांगितलं नाही. वजन एकसष्ट होतं, ते एकोणसाठ झालं. बायको म्हणाली, बाबा तीन पोळ्या खायचे, आता दीडवर आलेत. मी वहीत लिहिलं आणि मीठ आणखी कमी करायला सांगितलं. दुसरा महिना संपता-संपता वजन त्रेपन्न झालं. दाब उत्तम होता. साखर उत्तम होती. ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. मी वही पुढं केली. त्यांनी पानं चाळली, नोंदी छान आहेत म्हणाले. मग विचारलं, दिवसभरात यांच्याशी कोण बोलतं? मी म्हणालो, आम्ही बोलतो की. काय बोलता? मी आठवायला लागलो. गोळी घेतली का. जेवलात का. हात सरळ ठेवा. तिसऱ्यापुढं मला काही आठवेना. डॉक्टर म्हणाले, यांची माणसं कुठं आहेत ती शोधा, औषध मी वाढवणार नाही.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती, तिचे हात थांबले. म्हणाली, "त्या दिवशी मी फोन लावून पाहिला, तेव्हा तुम्ही तिथंच होता." मग म्हणाली, आत्ताच्या आत्ता चाचांना बोलवा.

चाचा दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, राजूरचा घाट चढून येईपर्यंत दोनदा उलटी झाली होती. दारात चूळ भरली आणि थेट खाटेपाशी गेले. वडिलांनी मान वळवली. त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "या. बसा."

साठ वर्षं एकमेकांना शिव्या देऊन बोलणारी माणसं. चाचा उभेच राहिले. मग खुर्चीच्या कडेवर टेकले. वडिलांनी, गावात सगळे बरे आहेत ना, असं पाहुण्याला विचारावं तसं विचारलं. चाचा हो म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं नाही हे त्यांना एका नजरेत कळलं. ते थांबले. मला वेळ देत होते. घड्याळ मी पाहिलं नाही, पण तो वेळ पुरेसा होता. एक वाक्य बोलायचं होतं.

मी गप्प बसलो, तसं चाचाच बोलले.

"माफ कर बे. मीच नाई केला फोन. लगनसराई होती, गाद्यायचं काम लय होतं."

"दोन महिने?"

"हाव."

वडील म्हणाले, "बरं." आणि तोंड भिंतीकडे केलं.

चाचा तासभर बसले. पाठीवर हात ठेवून काहीबाही बोलत राहिले. रोडग्यांचंही काढलं. म्हणाले, मान्य करतो, वारा तू म्हनत होता त्याच अंगानं होता. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी कबूल केलं नव्हतं. वडील वळले नाहीत.

बसस्टँडवर सोडायला गेलो तेव्हा मी विचारलं, चाचा, तुम्ही स्वतःवर का घेतलं? ते म्हणाले, "मले तं तो दोन दिवस शिव्या देईन, मंग बोलन. राह्यचं त्याले तुह्या घरात हाय. तुह्यावरून मन उडालं तं जाईन कुठं?" बस आली. चढताना म्हणाले, "आता तू सांग त्याले. तुह्या तोंडानं सांग. म्या सांगतलं तं चुगली होईन."

वडील त्यानंतर नऊ दिवस होते. बायकोनं कपाटावरचा फोन काढून चार्ज केला. नऊही दिवस पावणेसातला तो वाजला. पहिल्या दिवशी वडील म्हणाले, झोपलो म्हून सांग. नंतर तेही म्हणाले नाहीत, हात फक्त नको असा हलवायचे. बायको फोन बाहेर नेऊन बोलायची आणि डोळे पुसून आत यायची. तिनंही सांगितलं नाही. हे तुम्हीच सांगायला हवं, असं ती रोज मला म्हणत होती.

सहाव्या दिवशी दुपारी मी खाटेपाशी बसलो. सांगायचंच ठरवून बसलो होतो. बाबा म्हटलं. त्यांनी डोळे उघडले आणि बाही वर करून हात पुढं केला. मी मापच घ्यायला आलो असं त्यांना वाटलं. मी पट्टा बांधला. एकशे दहा, सत्तर. वहीत लिहिलं आणि उठलो. त्यांनी हात पुढं केला, एवढंच मला आठवतं.

दहाव्या दिवशी पहाटे ते गेले. त्यांना गावीच नेलं. चाचांनी शेवटपर्यंत खांदा बदलू दिला नाही. अग्नी दिल्यावर माणसं पांगली. चाचा माझ्याजवळ आले. धुरानं की कशानं, त्यांना नीट दिसत नव्हतं. माझा दंड चाचपडत धरला आणि हळू आवाजात विचारलं, "सांगतलं होतं ना बाबू तू त्याले?"

मी हो म्हणालो.

"काय म्हने मंग?"

मी म्हणालो, हसले.

चाचांनी माझा दंड सोडला नाही. मान हलवत राहिले. मग म्हणाले, "मंग ठीक हाय. मले वाटे, तसाच गेला का काय."