हळदीच्या गोदामातली मांजरं

मला लिहायला बसवू नका म्हणलं होतं. नुसती सही करताना घाम फुटणारा माणूस मी! पण पोरं ऐकत न्हाईत. वसमतच्या हळदीच्या गोदामात मी राखणीला. तिथं पोत्यावर पोतं चढतं तसे किस्से साचतात. खालचा ओढायला गेलं की थप्पी अंगावर येते. निजामाचं राज्य होतं तवाची ही गोष्ट. राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली, मी अजून राखणीलाच.

उंदरं पोती फाडायची म्हणून शेठनं मांजर पाळलेली. ती माझ्या घोंगडीवरच व्याली. नवा मुनीम विनायक बघायला आला. "सगळी आंधळीच निपजली की! टाका नाल्यात."

मी म्हणलं, "मांजराचं लेकरू डोळे मिटूनच येतं, मुनीम. तुमचं तोंड बघायची घाई न्हाई त्याला!"

पुढं पिल्लांचे डोळे उघडले. एकाचे मात्र उघडेनात. पापण्या टम्म फुगल्या, कडेनं पिवळा पू. कोंडबा हमालानं त्यात हळद भरली. हळदीत राबणारा माणूस, दुसरं औषध त्याला कुठलं ठावं! पिल्लू ओरडायला लागलं. मग गोणी शिवणारे रहीमचाचा धावले, "ठंडक पडेगी बेटा" म्हणत वरून सुरमा लावला.

वाईट कुणीच न्हवतं. पिल्लू मात्र आंधळं होत चाललं होतं.

टोपलीत घालून ढोरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "हळद बी अन् सुरमा बी! लग्न लावून राहिले काय याचं?"

मी हसलो. ते हसले न्हाईत.

"नुसतं चिपड असलं तर उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पुसा. पण पापणी फुगली, पू आला, डोळा उघडेना, तर त्याच दिवशी आणा. वाट बघितली की डोळा जातो."

एक गेलाच होता. दुसऱ्यासाठी मलम दिलं अन् बजावलं, "लावणाऱ्याचा हात साफ पाहिजे."

साफ हात! आमच्या गोदामात? साबण झिजला, पिवळेपणा हलला न्हाई. मुनीम पुवाच्या वासानं नाक दाबून बाहेर गेला. रहीमचाचा म्हणाले, "साफ हाथ तो एकीच आदमी के हैं." सगळ्यांनी गादीकडं पाहिलं. जन्मात हळद न उचललेले शेठ धोतर सावरत मातीत बसले अन् रोज मलम लावायला लागले!

तो डोळा वाचला.

मग विनायकच्या घरी पोरगं झालं. पाचवी पुजायच्या आधीच त्याचे डोळे चिकटले. मुनीम गोदामात सहज बोलला, "पू येऊन राहिला. बायको काजळ घालते, बसेल."

मी काठी टाकली अन् त्याच्या दारात जाऊन ओरडलो, "बाई, काजळ थांबवा! लेकराला आत्ताच सरकारी दवाखान्यात न्या!"

मुनीम मागनं आला. साऱ्या गल्लीसमोर म्हणाला, "मांजराचा इलाज माझ्या लेकराला सांगतोस? अपशकुनी थेरड्या!" अन् ढकललं मला.

बायको बाहेर आली. ओली बाळंतीण, लेकरू पदराखाली घेतलं, आमच्या दोघांच्या मधून निघाली अन् अनवाणी दवाखान्याची वाट धरली.

ते पोरगं आता गोदामात येतं. लांबूनच मला ओळखून "आबा!" म्हणून ओरडतं. तवा बाप मान खाली घालून लिहीत बसतो. माझी माफी मागायचा अजून राहिलाय, मुनीम विनायक.