अधांतरी बोटं

रंगारीबाबांचा उजवा खांदा आखडला तेव्हा त्यांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "लेकीची खोली रंगवता येईल ना?" लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला येणार होती. जन्मभर लोकांची घरं रंगवलेल्या या माणसाला ही एक खोली दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नव्हती.

डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलं. बाबांना वाटलं, कुणीतरी खांद्याला एक झटका देईल की काम फत्ते. तिथल्या ताईंनी मात्र हात सगळीकडून हलवून पाहिला, शेक दिला आणि एक व्यायाम करून दाखवला. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी हळूहळू भिंत चढायची.

"ताण बसला तर चालेल काका, पण कळ आली की थांबायचं. आणि घरी रोज करायचं. खरं काम तिथंच होतं."

बाबांनी नेमाने केलं. पण खांदा सुटायचं नाव घेईना, उलट जास्तच ठणकायला लागला. "हा हात गेला आता," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. बायकोने त्यांना तडक ताईंकडे नेलं.

"घरी कसं करता, दाखवा बघू," ताई म्हणाल्या.

बाबांची बोटं वर निघाली, पण भिंतीपासून चांगली दोन पेरं दूर, अधांतरी. सगळा भार त्या बिचाऱ्या खांद्यावर!

"अहो, टेका की बोटं!"

"भिंतीला हात? डाग पडतात ना! हाताखालच्या पोरांना आयुष्यभर हेच ओरडत आलो."

जित्याची खोड, दुसरं काय! ताई खो खो हसल्या. बायकोने कपाळाला हात लावला. "घरचीच भिंत आहे हो. पुसेन मी!"

तेव्हापासून हाताचा भार भिंतीने घेतला आणि खांदा मुंगीच्या पावलांनी सुटू लागला. ताईंनी खोली रंगवायलाही परवानगी दिली, पण खांद्याच्या उंचीपर्यंतच, मध्ये मध्ये विसावा घेत. शिडीवर चढायचं नाही म्हणजे नाही. बाबा हिरमुसले. अर्धी खोली रंगवून लेकीला काय तोंड दाखवायचं?

खालचा भाग त्यांनी रंगवला. मग बायकोने पदर खोचला, ब्रश घेतला आणि ती शिडी चढली. बाबांनी खालून डाव्या हाताने शिडी धरली. तिने मारलेले रंगाचे पट्टे कुठे जाड, कुठे कोरे, सगळेच वाकडे. पोरांपैकी कुणी असं केलं असतं तर बाबांनी भिंत खरवडायला लावली असती.

"फारच वाईट झालंय का हो?" तिने वरूनच विचारलं.

बाबांनी त्या वाकड्या पट्ट्यांवरून नजर फिरवली.

"असंच राहू दे," ते म्हणाले. "दोघांनी रंगवलीय, लेकीला दिसू दे."